काच पुसण्यापूर्वी अंगठी काढावी

फिश टँकच्या काचेवर ओरखडा पाडायचा तर काचेहून कठीण वस्तू लागते, आणि ती वस्तू बहुतेक वेळा घरातली सर्वांत टापटिपीची व्यक्तीच हातात घेऊन येते. कोण कोणाहून कठीण, याचा हिशेब फ्रीडरिख मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली लावून दिला. १ ते १० अशी उतरंड. तळाला शंखजिरे, शेंड्याला हिरा. नियम एकच: वरचा खालच्यावर चरा पाडतो, खालच्याला वरच्यावर पाडता येत नाही. सरकारी कचेऱ्यांत हा नियम मोज जन्मायच्या आधीपासून पाळला जात होता. मोजने तो फक्त दगडांना लावला.

या उतरंडीत माणसाचे नख २.५ वर येते. टाकीची साधी काच ५.५ च्या आसपास, चांगले पोलादी पाते ५.५ ते ६.५ आणि गारगोटी ७ वर. नदीच्या रेतीत गारगोटीचे कण भरपूर असतात. शेवाळाला या उतरंडीत जागाच नाही, इतके ते मऊ. म्हणजे शेवाळ काचेला ओरखडत नाही, स्पंज ओरखडत नाही, जुन्या बनियनचा फडकाही ओरखडत नाही. ओरखडतो तो स्पंज आणि काच यांच्यामध्ये सापडलेला रेतीचा एक कण. घरात चौकशी मात्र स्पंजाची होते, नंतर स्पंज धरणाऱ्याची, आणि शेवटी स्पंज विकत आणणाऱ्याची. कण तोवर तळाला जाऊन बाकीच्या कणांत मिसळलेला असतो.

वर्धा जिल्ह्यात या विषयाची आणखी एक अडचण आहे. इथे स्वच्छतेचा वारसा फार मोठा. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले, सेगावचे पुढे सेवाग्राम झाले, आणि आश्रमात सफाई हे रोजचे व्रत होते. विनोबा १९४६ च्या सुमारास पवनारहून रोज फावडे घेऊन सुरगावला चालत जात आणि तिथली घाण स्वतःच्या हातांनी काढत. अशा जिल्ह्यात ‘थोडे शेवाळ राहू द्यावे’ हा सल्ला देणे धाडसाचे आहे. तरी तो द्यावा लागतो. गाव साफ करायला लागणारा खराटा, राख, माती आणि अंगातला जोर यांपैकी एकही गोष्ट काचेला मानवत नाही. टाकीची काच साफ करणे हे सफाईतले बहुधा एकमेव काम असेल, जे जितके कमी मन लावून करावे तितके चांगले होते.

काचेवर काय चिकटले आहे, हे घासण्याआधी ओळखावे. नवी टाकी लावली की पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी, धुळीसारखा थर येतो. हे डायाटम नावाचे सूक्ष्म जीव. त्यांची कवचे सिलिकाची असतात, पण थर इतका हलका बसतो की ओल्या फडक्याच्या एका हाताने निघतो, आणि टाकी जुनी झाली की बहुधा आपणहून कमी होतो. घरचे लोक या थराला घाबरून दुकानदाराकडे जातात आणि दुकानदार त्यांना एक निळी बाटली देतो. थर त्याच सुमारास जाणार असतोच. श्रेय बाटलीला मिळते. दुसरा थर हिरवा, सगळ्या काचेवर सारखा पसरणारा. हाही आठवड्याच्या आत पुसला तर फडक्याने जातो. तिसरा प्रकार म्हणजे हिरवे, टिकलीएवढे, काचेला घट्ट धरून बसलेले ठिपके. त्यांना फडका समजत नाही, स्पंजही समजत नाही, आणि नेमके इथेच माणसाचा संयम सुटून हात तारेच्या घासणीकडे जातो.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: पाणी, उजेड आणि खाणे. पाणी टाकीत असतेच. उजेड दिवाणखान्याच्या रचनेतून मिळतो. टीव्ही, सोफा, शोकेस आणि कूलर यांच्या जागा ठरल्यावर टाकीसाठी उरते ती नेमकी खिडकीसमोरची जागा. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हाचा एक कवडसा रोज तासभर टाकीवर पडला तरी शेवाळाला वर्षभराची बेगमी होते. टाकीवरचा दिवा दिवसाला ६ ते ८ तास पुरतो. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत तो पहिल्या रुग्णापासून शेवटच्या रुग्णापर्यंत चालू असतो, म्हणून सर्वांत हिरव्या काचा तिथे पाहायला मिळतात. वाट पाहणाऱ्याचे मन रमावे, असा त्या टाकीचा हेतू. काच पुरती हिरवी झाली की मासे दिसेनासे होतात आणि रुग्ण पुन्हा एकमेकांच्या आजारांकडे वळतात.

खाण्याचा प्रश्न मात्र पाहुणचाराशी निगडित आहे. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे, असे प्रत्येक डब्यावर लिहिलेले असते. हे वाक्य विदर्भातल्या आतिथ्याच्या कल्पनेत बसत नाही. इथे पानावर बसलेल्याने दोनदा ‘नको’ म्हटल्याखेरीज वाढणे थांबत नाही, आणि मासा ‘नको’ म्हणत नाही. घरचा एकजण सकाळी घालतो, दुसरा त्याला न विचारता दुपारी घालतो, पाहुण्यांची मुले संध्याकाळी मुरमुरे घालतात, आणि एखादे प्रेमळ आजोबा हातातल्या गोरसपाकाचा चुरा सोडतात. गोरसपाक ही वर्ध्याची शान आहे, पण त्यातल्या तुपाचा तवंग पाण्यावर पसरतो आणि काचेला पाण्याच्या रेषेशी चिकटतो. न खाल्लेले अन्न आणि खाल्लेल्या अन्नाचे पुढे जे होते ते, दोन्ही कुजून त्यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतात. माशाला जास्त झालेला प्रत्येक घास शेवाळाच्या पानात पडतो. काच कमी घासायची असेल, तर सुरुवात खाण्याचा डबा उंच कपाटात ठेवण्यापासून करावी.

टाकीच्या वरच्या काठाशी जी पांढरी, खरखरीत पट्टी दिसते ती शेवाळ नव्हे. तो क्षार. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे, आणि त्या खडकातून विहिरीत व बोअरमध्ये येणारे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येते. कूलरच्या जाळीवर, गिझरच्या कॉइलवर आणि स्टीलच्या बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तोच टाकीच्या काचेवर बसतो. उन्हाळ्यात पाणी भराभर उडते, क्षार मागे राहतो, घरचे लोक पुन्हा बोअरचे पाणी ओततात, पाणी पुन्हा उडते. दोन महिन्यांत काचेवर गेल्या चार पातळ्यांच्या रेषा दिसू लागतात. धरणाच्या भिंतीवरची मोजपट्टी बहुतेक अशीच सुचली असावी. नळाचे पाणी वर्धा शहरात धाम नदीतून येते आणि बोअरच्या मानाने ते सौम्य असते. त्यात क्लोरीन असतो, म्हणून ते टाकीत घालण्याआधी एक-दोन दिवस उघड्या बादलीत ठेवावे किंवा त्यात दुकानात मिळणारे क्लोरीनमारक थेंब टाकावेत. दोन दिवस भरलेली बादली घरात जागेवर टिकवणे, हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. कोणीतरी ती झाडांना घालतोच.

क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, मोजच्या उतरंडीत ३ वर. काचेपेक्षा तो मऊ आहे, पण चिकटलेला असा असतो की लोक त्याला सुरीच्या टोकाने उचकटतात. त्याची गरज नाही. आम्लापुढे क्षार विरघळतो. टाकीतले पाणी चार बोटे उतरवावे, पांढऱ्या व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात फडका भिजवून त्या पट्टीवर पंधरा-वीस मिनिटे चिकटवून ठेवावा, मग जुन्या कार्डाने हलके ढकलावे आणि साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यावे. व्हिनेगर पाण्यात ओतू नये. हाच लिंबाचा थेंब तळाच्या खड्यांची परीक्षा घ्यायलाही उपयोगी पडतो. शेजारच्या बांधकामावरून फुकट आणलेल्या रेतीत चुनखडीचे खडे असतात. थेंब पडताच खड्यावर फेस आला तर तो खडा टाकीत पाणी जड करत राहणार, हे समजावे. फुकटची रेती अशी काचेला दोनदा महाग पडते: एकदा क्षारामुळे, एकदा ओरखड्यामुळे.

कशाने घासावे, यावर घरातल्या प्रत्येकाचे ठाम मत असते आणि ज्याचे मत सर्वांत ठाम त्याच्या हाती सर्वांत धोकादायक वस्तू असते. आजी राखेच्या बाजूच्या. “राख लाव नं बाप्पा थोडीशी, कसं लख्ख होते ते पाय.” पितळेचा तांब्या राखेने लख्ख होतो हे खरे, पण तो लख्ख होतो तो बारीक घासला जाऊन. गोवरीच्या राखेत मातीचे आणि सिलिकाचे कण असतात, आणि राखेचे पाणी अल्कधर्मी होते ते माशांच्या वाट्याला वेगळे. सूनबाई तारेच्या घासणीच्या बाजूच्या. कुकरच्या बुडाला लागलेला भात जिने निघतो तिला हिरवा ठिपका काय भारी? घासणीची तार काचेच्या बरोबरीची कठीण असते आणि तिच्या वेटोळ्यांत कालच्या कढईतले काही ना काही अडकलेले असते. मामाजी म्हणजे सासरे वर्तमानपत्राच्या बाजूचे, कारण स्कूटरची काच त्यांनी आयुष्यभर त्यानेच पुसली. ते बाहेरच्या बाजूला चालते, आत नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला मुलगा टूथपेस्ट सुचवतो. भांड्यांची पावडर आणि साबण यांची नावे कोणी ना कोणी घेतोच. साबणाने माशांचे कल्ले निकामी होतात, त्यामुळे काच साफ होते पण आत पाहण्यासारखे काही उरत नाही. धुणीभांडी करणाऱ्या मावशी तेवढ्या टाकीला हात लावायला साफ नकार देतात. ओरखड्यांच्या चौकशीत त्यांचे नाव कधी निघत नाही.

हे काम बहुधा शेवटी मुलांवर येते. हाताने काम करत शिकावे, हा नई तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला, आणि विचार चांगलाच आहे. फक्त या शाळेची फी काच भरते.

आता अंगठ्यांकडे वळायला हवे, कारण या विषयावर लिहिणारे लोक रेतीबद्दल सांगतात, घासणीबद्दल सांगतात, आणि हात पाण्यात घालणाऱ्याच्या बोटात काय आहे ते विचारतच नाहीत. सोने आणि चांदी काचेपेक्षा मऊ असल्याने त्यांच्याकडून भय नाही. भय खड्यांचे. शनीचा नीलम, रवीचे माणिक आणि गुरूचा पुष्कराज हे तिन्ही एकाच कुरुंद खनिजाचे प्रकार, कठीणपणा ९. शुक्राचा हिरा १०. केतूचा लसण्या ८.५. बुधाचा पाचू ७.५ ते ८, राहूचा गोमेद ७ च्या आसपास. काच ५.५. साडेसाती टळावी म्हणून घातलेला नीलम टाकीला साडेसाती लावतो. आणि ही साडेसात वर्षांत उतरत नाही, काच असेपर्यंत राहते. उरले चंद्राचा मोती आणि मंगळाचे पोवळे. हे दोघे समुद्रातून आलेले, ३ ते ४ च्या घरातले, काचेला काहीही करू न शकणारे. नवग्रहांपैकी काचेला अनुकूल असे हे दोनच, आणि त्यांत मंगळ आहे, हे पत्रिका जुळवणाऱ्या मंडळींनी लक्षात घेण्यासारखे आहे. नवरत्नांची अंगठी घालणाऱ्याने टाकीपासून दोन हात दूर उभे राहून मार्गदर्शन करावे.

काचेच्या बांगड्याही कोपरापर्यंत सरकवाव्यात किंवा उतरवाव्यात. बांगडी आणि टाकी दोन्ही काचेच्याच, त्यामुळे कोणी कोणाला ऐकत नाही. बरोबरीच्या दोन वस्तू एकमेकींना चरे पाडतात. घड्याळाचा पट्टा, स्टीलचे कडे यांनाही हाच नियम. हाताला क्रीम, तेल, साबण काही नसावे. एवढे सगळे उतरवून ठेवल्यावर ते कुठे ठेवले हे कोणाला तरी सांगून ठेवावे, नाहीतर संध्याकाळी काच बाजूला राहते आणि अंगठीचा शोध सुरू होतो.

प्रत्यक्ष काम थोडे आहे. आधी हीटर असेल तर त्याचा प्लग काढावा. वर्ध्यात तो डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यातच लावलेला असतो. टाकीसाठी वेगळा, कोरा, मऊ फडका किंवा स्पंज ठेवावा आणि तो स्वयंपाकघरात जाणार नाही अशी व्यवस्था करावी. ही व्यवस्था टिकत नाही, म्हणून दर वेळी वापरण्याआधी फडका वाहत्या पाण्याखाली धुऊन बोटांनी चाचपावा. एक कण लागला तरी पुन्हा धुवावा. पुसायला वरून सुरुवात करावी, सरळ रेषेत, दाब न देता. गोल गोल घासू नये. गोल घासण्यात कण एकदा सापडला की तोच पुन्हा पुन्हा फिरवला जातो आणि काचेवर गोल नक्षी उमटते. सरळ पुसण्यात निदान एकच रेष येते. रेतीपासून तीन-चार बोटे वर थांबावे. दर दोन-तीन हातांनी फडका बाहेर काढून पिळावा आणि परत चाचपावा.

रेतीलगतची पट्टी आणि हट्टी ठिपके यांच्यासाठी मुदत संपलेले बँकेचे कार्ड हे उत्तम हत्यार आहे. त्याचे प्लास्टिक काचेपेक्षा पुष्कळ मऊ, धार सरळ आणि किंमत शून्य. खात्यात शिल्लक असताना जे कार्ड फारसे कामाला आले नाही, ते इथे वर्षानुवर्षे चालते. रेती आधी काचेपासून बोटाने मागे सारावी, कार्डाची कड काचेला टेकवून खालून वर ढकलावी, वर आले की पाण्यात झटकावी. वरून खाली कधी आणू नये, नाहीतर कार्ड रेतीत रुतते आणि पुढच्या हाताला रेती बरोबर घेऊन येते.

कार्डालाही न जुमानणारे ठिपके दाढीच्या पात्याने निघतात. पाते काचेच्या बरोबरीचे कठीण असूनही ओरखडत नाही, कारण नवी, सरळ धार काचेवर सपाट सरकते. ओरखडतो तो पात्याचा कोपरा आणि गंजलेली, दातेरी झालेली धार. म्हणून पाते नवे घ्यावे, धरायला पकड वापरावी, काचेशी तिरके, जवळजवळ आडवे ठेवावे, एकाच दिशेने पुढे ढकलावे आणि उलट ओढू नये. काचांच्या सांध्यापासून, म्हणजे कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून, ते दूर ठेवावे. सिलिकॉनला काप गेला तर ओरखड्याची काळजी उरत नाही. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीतून सुमारे ५६ लिटर पाणी दिवाणखान्यात येते आणि सगळ्यांचे लक्ष गालिचाकडे जाते.

चुंबकी पुसणीबद्दल लोकांचे मत फार चांगले आहे, विशेषतः ज्यांनी ती अजून घेतलेली नाही त्यांचे. एक तुकडा काचेच्या आत, दुसरा बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला मागोमाग फिरतो, हात ओला होत नाही. बाहेरचा जोरात ओढला की आतला सुटतो आणि तळाच्या रेतीत पडतो. वर्धा जिल्ह्यात या पडण्याला खास अर्थ आहे. बसाल्ट झिजून झालेल्या रेतीत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. शाळकरी मुले रेतीत लोहचुंबक फिरवून तेच गोळा करतात. त्यांचा कठीणपणा ५.५ ते ६.५, काचेच्या बरोबरीचा किंवा वरचा. म्हणजे इतर रेतीत कण चुकून पुसणीत अडकतो. इथल्या रेतीत पुसणी त्याला आपणहून बोलावून घेते. तो काळा असल्याने काळ्या पुसणीवर दिसत नाही. मग बाहेरून हात फिरवणारा माणूस समाधानाने सगळ्या काचेवर पुसणी फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात त्याने कोणत्या वाटेने फिरवली त्याचा पूर्ण नकाशा काचेवर दिसतो. पुसणी वापरायचीच तर हळू फिरवावी, रेतीपासून दूर ठेवावी, आणि पडली की बाहेर काढून धुतल्याशिवाय पुन्हा काचेला लावू नये.

काम झाल्यावर पाण्यात तरंगणारे शेवाळ खाली बसू द्यावे आणि नळीने पाव भाग पाण्यासकट ओढून घ्यावे. ते पाणी कुंड्यांना उत्तम.

हाताने करण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी हे काम फार पूर्वीपासून दुसऱ्यांवर सोपवले आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास काचेच्या टाकीत सोनेरी मासे आणि पाणवनस्पती ठेवल्या, आणि कुजणारा पाला व शेवाळ खायला तळ्यातल्या गोगलगायी नेमल्या. घरातल्या टाकीत नेमलेला सफाई कामगार इतका जुना आहे. आजही गोगलगाय काच ओरखडत नाही, पगार मागत नाही. फक्त तिला मनुष्यबळ वाढवण्याची फार हौस असते. नेराइट जातीच्या गोगलगायीची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, म्हणून तीच घ्यावी. ती मात्र अंड्यांचे पांढरे ठिपके काचेवर चिकटवून ठेवते, जे हिरव्या ठिपक्यांहून जास्त दिसतात. हिवताप विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाणवठ्यांत सोडतो ते गप्पी मासेही काही जण आणून टाकीत ठेवतात. गप्पी शेवाळाला तोंड लावतात, पण काच साफ होण्याच्या वेगापेक्षा त्यांची संख्या वाढण्याचा वेग पुष्कळ जास्त असतो.

दुकानदार मात्र ‘सकर’ देतो. “हा घेऊन जा भाऊ, काचेले हात लावाची गरज नाही पडत.” बोटाएवढा, काचेला तोंड चिकटवून बसणारा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठेपणी त्याला इतर माशांचे खाणे कळते आणि त्याचे स्वतःच्या कामातले लक्ष कमी होते. तो फुटाहून लांब होतो, दोन फुटांच्या टाकीत वळतानाही त्याची पंचाईत होते, आणि त्याची विष्ठा एवढी असते की त्यावर नवे शेवाळ पोसले जाते. या अवस्थेत कुटुंबाला भूतदया आठवते आणि तो पिशवीत घालून धाम नदीत किंवा बोर धरणात सोडण्याचा बेत ठरतो. तसे करू नये. भारतातल्या अनेक नद्या-तलावांत सकर असेच सुटून स्थिरावले आहेत. ते मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांच्या अन्नावर डल्ला मारतात. विसर्जनाला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायची रीत आहे, पण सकरला ते म्हणावे लागत नाही. तो आपणहून येतो, पिलावळीसह. नको असलेला सकर दुकानदाराला परत द्यावा.

बाहेरची बाजू पुसताना कोरड्या फडक्याने सुरुवात करू नये, कारण उन्हाळ्यात त्या काचेवर धूळ असते आणि धुळीत पुन्हा गारगोटीच. ओल्या फडक्याने धूळ उचलावी, मग वर्तमानपत्र किंवा कोरडा फडका. काच पुसण्याच्या फवाऱ्यांत अनेकदा अमोनिया असतो, तो माशांना विष. फवारा काचेवर न मारता लांब जाऊन फडक्यावर मारावा.

टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर वर लिहिलेले निम्मे विसरावे. अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्या वजनाचे, पण कठीणपणात ३ च्या घरातले. त्यावर पाते, स्क्रबर, खडबडीत कागद यांपैकी काहीही चालत नाही, फक्त मऊ फडका आणि प्लास्टिकचे कार्ड. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचे २०१५ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा प्रेक्षकांसाठी केलेला बोगदा अ‍ॅक्रिलिकचाच होता. तो पाहून आलेली मंडळी परतल्यावर घरी वाकड्या काचेची टाकी मागत. ती सहसा अ‍ॅक्रिलिकची निघे, आणि पहिल्याच रविवारी हिरव्या स्क्रबरने तिचा धुरकट दिवा होई. अ‍ॅक्रिलिकची एक बाजू चांगली: त्यावरचे ओरखडे बारीक ओल्या पॉलिशपेपरने घासून काढता येतात.

काचेचे तसे नाही. टूथपेस्टने काचेवरचा ओरखडा जात नाही, दातही तिथे नसतात. सीरियम ऑक्साइडच्या पुडीने उथळ चरे घासून कमी करता येतात, पण त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, तासन्‌तास घासावे लागते, आणि घासलेल्या जागी काच किंचित खोलगट होऊन मासा लाटेतून आल्यासारखा दिसतो. चऱ्यात नख अडकत असेल, तर तो दिसण्यापुरता प्रश्न नाही. काच कापणारा कारागीर हेच करतो, एक चरा पाडतो आणि दाब देतो. टाकीत दाब द्यायला पाणी आहे. असा खोल चरा मोठ्या टाकीच्या मध्यावर असेल तर काच बदलून घ्यावी.

बाकीच्या चऱ्यांची चिंता करू नये. ते आतल्या बाजूला असतील, तर टाकी भरल्यावर बरेचसे दिसेनासे होतात. काचेचा अपवर्तनांक १.५२, हवेचा १, पाण्याचा १.३३; चऱ्यात हवेऐवजी पाणी भरले की प्रकाश तिथे कमी वळतो. राहिलेला चरा एखाद्या पाणवनस्पतीमागे झाकता येतो. आणि समोरची काच फारच खराब झाली असेल, तर टाकी रिकामी करून फिरवून ठेवावी. भिंतीकडची काच वर्षानुवर्षे कोणी घासलेली नसते. तिच्यावरचे शेवाळ ओल्या फडक्याने आणि कार्डाने काढले की खाली एकही ओरखडा नसलेली काच निघते.